अधांतरीं थांबलेलें ओझें

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आधीं आमच्या इमारतीच्या गच्चीची दुरुस्ती निघाली. इमारत सहा मजली, जिना अरुंद, आणि लिफ्टमधून वाळू, सिमेंट, लाद्या न्यावयाच्या नाहींत असा सोसायटीचा जुना ठराव. तेव्हां कंत्राटदारानें गच्चीच्या कठड्याशीं एक लोखंडी घोडी उभी केली, तिच्या मागच्या पायांवर वाळूचीं पोतीं रचलीं आणि बाहेर डोकावणाऱ्या तिच्या हाताला एक लहानसें विजेचें होइस्ट टांगलें. बंदरावरची यारी आपण सर्वांनीं पाहिली आहे. हें होइस्ट म्हणजे त्या यारीचें अगदीं लहान भावंड. घरांतील दिव्यांना लागते तीच वीज त्याला पुरते. त्याच्या पोटांत एक मोटर, कांहीं दांतेरी चाकें आणि एक ढोल. ढोलावर गुंडाळलेला पोलादी तारांचा दोर, दोराच्या टोकाला आंकडा, आणि वायरीला लोंबणारी दोन बटणांची पेटी. एक बटण वर नेण्याचें, दुसरें खालीं आणण्याचें. बोट बटणावर असेपर्यंत यंत्र चालतें, बोट काढलें कीं थांबतें.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं गलका ऐकूं आला म्हणून मी गच्चीवर गेलों. होइस्ट चालविणारा विशी-बाविशींतला मुलगा बटणांची पेटी हातांत धरून पांढराफटक उभा होता. लाद्यांची पाटी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर अधांतरीं लोंबत होती आणि खालीं पाट्या भरणाऱ्या दोन बाया भिंतीला पाठ लावून वर पाहत होत्या. मला पाहतांच तो मुलगा म्हणाला, "काका, मी वरचंच बटण दाबलं हो. माल चौथ्या मजल्यापर्यंत नीट गेला. पाटी सज्जाला लागेल म्हणून बोट काढलं, तर थांबला. परत वरचं बटण दाबलं, तर खाली चालला!"

मुकादमाचा निकाल झालेला होता. "हा झोपेत असतो. उलटं बटण दाबलं असणार. उद्यापासून येऊं नकोस." आमच्या सोसायटीच्या कमिटींतील एका गृहस्थांचें मत निराळें पडलें. ते म्हणाले, "ब्रेक गेला, दुसरं काय?" आणि कंत्राटदाराचा मिस्त्री तर ब्रेक कसावयास हातांत पाना घेऊन निघालाहि होता.

मला हीं तिन्हीं मतें चुकीचीं वाटलीं. तीं कां चुकीचीं होतीं हें सांगावयाचें म्हणजे विजेच्या लहान होइस्टमध्यें ओझें धरून ठेवतें कोण, हेंच सांगावें लागेल. आणि आजच्या भाषणाचा विषयहि तोच आहे. त्या मुलाची हकीकत थोडा वेळ तशीच, त्या पाटीप्रमाणें, अधांतरीं ठेवतों.

माझी आजी कोंकणांतल्या आमच्या घराच्या विहिरीवर कप्पीनें पाणी काढीत असे. भरलेली कळशी अर्ध्यावर आली आणि दम घ्यावासा वाटला कीं ती दोर विहिरीच्या काठाच्या दगडावर पायाखालीं दाबून धरी आणि दोन्ही हात मोकळे सोडी. कळशी लोंबत राही. लहानपणीं मला त्यांत कांहींच नवल वाटलें नाहीं; पुढें यंत्रशास्त्र शिकल्यावर वाटलें. कळशी वर ओढण्याला श्रम पडतात, कारण तेथें वजन उंचीवर चढत असतें. ती एका जागीं धरून ठेवण्याला मात्र यंत्रशास्त्राच्या हिशेबानें कांहींच काम करावें लागत नाहीं. पुरेसें घर्षण असलें म्हणजे झालें. हातांनीं धरून ठेवलें तर आपले स्नायु थकतात, परंतु तो स्नायूंचा स्वभाव आहे. पायाखालचा दगड थकत नाहीं.

मोटर ही या बाबतींत दगडासारखी नसून हातासारखी आहे. विजेच्या साध्या मोटरीला ओझें उचलतां येतें, पण प्रवाह चालू ठेवून तें एका जागीं धरून बसावयास सांगितलें तर ती थोड्याच वेळांत तापून जळेल. म्हणून उचलणें हें मोटरीचें काम आणि धरणें हें ब्रेकचें काम, अशी वांटणी प्रत्येक होइस्टमध्यें केलेली असते. रस्त्यानें जातांना एखाद्या इमारतीवर लाद्यांची पाटी मध्येंच थांबलेली दिसली तर लक्षांत ठेवावें, त्या क्षणीं मोटर झोपलेली असते आणि सारें ओझें ब्रेकच्या हवालीं असतें.

तो हवाला सुटला तर काय होईल? सहाव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारें २० मीटर उंचीवरून, सुटलेली वस्तु दोन सेकंदांत जमिनीवर येते आणि टेकतांना तिचा वेग ताशीं ७० किलोमीटर असतो. "बाजूला व्हा" हे दोन शब्द उच्चारून ऐकणाऱ्याचे पाय हालेपर्यंत दोन सेकंद संपतात.

आतां ब्रेक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें सायकलचा ब्रेक येतो. आपण मूठ आवळतों, रबर चाकाला घासतें, सायकल थांबते. म्हणजे ब्रेक लावावयाला जोर लागतो आणि तो सुटावयाला जोर लागत नाहीं. होइस्टमध्यें हीच पद्धत ठेवली आणि विजेच्या जोरानें ब्रेक लावावयाचा असें ठरविलें, तर वीज गेली त्याच क्षणीं मोटरहि गेली आणि ब्रेकहि गेला. महाराष्ट्रांत २००५ सालाच्या आसपासच्या भारनियमनाचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना ही कल्पना किती भयंकर आहे हें सांगावयास नको.

म्हणून होइस्टचा ब्रेक उलटा बांधतात. ब्रेक लावण्याचें काम स्प्रिंगांकडे असतें. स्प्रिंगांना वीज लागत नाहीं, झोप लागत नाहीं, त्या रात्रंदिवस दाबून बसलेल्या असतात. विजेकडे काम असतें तें ब्रेक सोडविण्याचें. बटण दाबलें कीं प्रवाह एका विद्युच्चुंबकाच्या वेटोळ्यांतून वाहतो, चुंबक स्प्रिंगांच्या विरुद्ध ओढून ब्रेक मोकळा करतो आणि त्याच वेळीं मोटर फिरूं लागते. बोट काढलें, वायर तुटली, फ्यूज उडाला, साऱ्या शहराची वीज गेली, कारण कांहींहि असो. प्रवाह थांबला कीं चुंबक हात सोडतो आणि स्प्रिंगा ब्रेक लावतात. थोडक्यांत, या यंत्राची स्वाभाविक स्थिति थांबलेली असते आणि चालण्यासाठीं त्याला दर क्षणीं परवानगी लागते.

हा विचार होइस्टवाल्यांनींच प्रथम केला असें नाहीं. १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत एलिशा ओटिस हा अमेरिकन कारागीर एका उघड्या पाळण्यावर लोकांच्या डोक्यांवर उंच उभा राहिला आणि त्यानें पाळण्याचा दोर तोडावयास लावला. पाळणा किंचित् खालीं सरकून थांबला. दोराच्या ताणानें जी स्प्रिंग वाकून राहिली होती ती ताण जातांच मोकळी झाली आणि तिनें बाजूच्या दांतेरी खांबांत खटके अडकविले. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८७२ च्या सुमारास आगगाडीसाठीं जो स्वयंचलित ब्रेक काढला त्यांतहि तत्त्व हेंच: नळींतील हवेचा दाब टिकून आहे तोंवर ब्रेक सुटलेले, नळी फुटली किंवा डबा तुटून मागें राहिला कीं दाब उतरतो व ब्रेक आपोआप लागतात. आपण डब्यांतील सांखळी ओढतों तेव्हां त्या नळीचाच दाब बिघडवितों. ओटिसची युक्ति मात्र आपल्या लहान होइस्टला जशीच्या तशी लावतां येत नाहीं, कारण दोराच्या टोकाला मोकळ्या हवेंत लोंबणाऱ्या पाटीला शेजारीं खांबच नसतात. तिचा जो काय आधार तो सगळा वर, त्या लहानशा पेटींत.

त्या पेटींत डोकावूं या. मोटरीच्या दांड्याच्या मागच्या टोकाला एक तबकडी बसविलेली असते आणि ती दांड्याबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचें अस्तर असतें. मोटारींच्या ब्रेकला असतें त्याच जातीचें. तबकडीच्या एका बाजूला पक्की लोखंडी भिंत, दुसऱ्या बाजूला मागेंपुढें सरकणारी पण न फिरणारी एक लोखंडी चकती, आणि तिच्या पाठीमागें स्प्रिंगा व विद्युच्चुंबक. वीज नसतांना स्प्रिंगा चकतीला पुढें ढकलतात, फिरती तबकडी चकती आणि भिंत यांच्यामध्यें चिमटली जाते आणि दांडा जखडतो. वीज आली कीं चुंबक चकतीला मागें ओढतो. किती मागें? एखाद्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढें, फार तर दोन पोस्टकार्डांएवढें. कान दिलात तर बटण दाबतांना आणि सोडतांना एक बारीकसा 'टक्' असा आवाज ऐकूं येतो. तो या चकतीचा.

जर्मनीच्या डेमाग कंपनीनें प्रसिद्धीस आणलेली एक रचना मला फार आवडते, म्हणून तिच्यासाठीं थोडी वाट वांकडी करतों. तींत वेगळा चुंबकच नाहीं. मोटरीचा फिरता गाभा सरळ नळकांड्यासारखा न करतां निमुळता, शंकूसारखा करतात. वीज नसतांना एक स्प्रिंग त्या गाभ्याला बाजूला सरकवून ठेवते आणि त्याच्या दांड्यावरची तबकडी ब्रेकच्या कड्यावर दाबून बसते. प्रवाह सुरू झाला कीं मोटरीचें स्वतःचेंच चुंबकत्व त्या निमुळत्या गाभ्याला आंत ओढून घेतें, ब्रेक सुटतो आणि गाभा फिरूं लागतो. मोटरींत जोर आला तरच ब्रेक सुटावयाचा, अशी ही गांठ आहे.

आतां कोणी विचारील कीं २५० किलोचें ओझें एवढ्याशा तबकडीला कसें पेलतें? तें यश मधल्या दांतेरी चाकांचें आहे. कल्पना करा, ढोलाचा व्यास १० सेंटिमीटर आहे आणि ओझें मिनिटाला ८ मीटर वर जातें. मग ढोल मिनिटाला सुमारें २५ फेरे घेईल. मोटर मात्र मिनिटाला १४०० फेरे घेते. म्हणजे मोटरीच्या सुमारें ५५ फेऱ्यांना ढोलाचा एक फेरा. या हिशेबानें ओझ्याची ढोलावरची पीळ मोटरीच्या दांड्यापर्यंत येतां येतां ५५ पट हलकी होते. १० सेंटिमीटर लांबीच्या मुठीला सव्वादोन किलोचें वजन टांगावें एवढाच जोर शिल्लक राहतो. तो एक लहान मूलहि अडवूं शकेल. उत्पादक अर्थात् काठावर खेळत नाहींत. ब्रेकची पकड लागेल त्याच्या दीडपट-दुप्पट ठेवतात.

परंतु या सोयीची किंमत चुकवावी लागते. ब्रेक वेगवान दांड्यावर आणि ओझें मंद ढोलावर. दोघांमध्यें चाकें, दांते, खुंट्या. त्यांतली एक खुंटी तुटली तर ब्रेक आपल्या जागीं अगदीं घट्ट लागलेला राहील आणि ढोल तरीहि फिरेल. म्हणून ब्रेकची तपासणी म्हणजे केवळ तबकडीची तपासणी नव्हे.

आणखी एक गंमत या वेगाच्या फरकांतून निघते. २५० किलोचें ओझें मिनिटाला ८ मीटर वेगानें सरकतें तेव्हां त्याच्यांत गतीची जी शक्ति असते ती अगदीं क्षुल्लक असते. तिच्या कितीतरी पट अधिक शक्ति मोटरीच्या त्या मिनिटाला १४०० फेरे घेणाऱ्या गाभ्यांत असते. म्हणजे ब्रेक लागतो तेव्हां त्याला मुख्यतः थांबवावें लागतें तें आपल्याच घरच्या मोटरीला. वारंवार बटण दाबून-सोडून, इंच इंच सरकविण्याची ज्यांना संवय असते त्यांच्या होइस्टचें अस्तर लवकर झिजतें त्याचें कारण हेंच. ओझें लहान असलें तरी तबकडीला दर खेपेला गाभा थांबवावाच लागतो आणि ती सगळी शक्ति उष्णता होऊन तिच्याच अंगाला लागते.

खालीं येतांना काय होतें तें याहून मजेचें आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं खालीं येतांना ब्रेक थोडा थोडा घासत असतो. तसें नाहीं. खालचें बटण दाबल्यावर ब्रेक पूर्ण सुटतो. ओझें मोटरीला ओढूं लागतें आणि मोटरीचा वेग विजेनें ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत येतो. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर नेहमींच्या मोटरीची ही मर्यादा मिनिटाला १५०० फेऱ्यांची असते. ओझ्यानें तिला त्या मर्यादेपलीकडे किंचित् ढकललें कीं तीच मोटर विद्युज्जनित्र बनते, वीज उलट तारेंत ढकलूं लागते आणि त्या खटाटोपांत ओझ्याला मागें खेंचून धरते. म्हणून ओझें वर जातांना आणि खालीं येतांना वेग जवळजवळ सारखा दिसतो. मात्र हा आधार विजेवर उभा आहे. प्रवाह तुटला कीं मोटरीचें चुंबकत्व नाहींसें होतें आणि ती नुसतें एक फिरणारें लोखंड उरते. प्रवाह तुटल्यापासून तबकडी चिमटली जाईपर्यंतच्या अवधींत ओझ्याला धरणारें कोणीच नसतें.

हा अवधि किती? चांगल्या होइस्टमध्यें सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. वरच्याच उदाहरणाचा हिशेब केला तर, चाकांतलें घर्षण सोडून, तेवढ्या अवधींत उतरत्या ओझ्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, मग ब्रेक पकडतो आणि ओझें तीन-चार सेंटिमीटर सरकून थांबतें. उशीर अर्ध्या सेकंदाचा झाला तर वेग पांच पटींच्या घरांत जातो. येथें एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चुंबकाला स्थिर ओढ यावी म्हणून त्याच्या वेटोळ्याला रेक्टिफायरमधून एकदिश प्रवाह देतात. तो प्रवाह रेक्टिफायरच्या अलीकडे तोडला तर वेटोळ्यांत सांठलेला प्रवाह रेक्टिफायरमधूनच गोल फिरत राहतो आणि चुंबक सांवकाश हात सोडतो. तोच रेक्टिफायर आणि वेटोळें यांच्यामध्यें तोडला तर चुंबक तत्काळ सुटतो. दोन्ही जोडण्या बाहेरून सारख्या दिसतात, दोन्हींनीं ब्रेक लागतो. परंतु एकींत तो कित्येक पट उशिरां लागतो. दुरुस्तीनंतर होइस्ट पूर्वीपेक्षां अधिक सरकूं लागलें तर ब्रेकच्या अस्तरावर ठपका ठेवण्यापूर्वी ही तार कोठें जोडली आहे हें पाहावें.

आतां त्या गच्चीवर परत जाऊं. माझा पहिला प्रश्न मुलाला होता: बोट काढल्यावर पाटी थांबली काय? तो म्हणाला, "लगेच थांबली." मग ब्रेक गेला असें कसें म्हणावें? ब्रेक गेला असता तर बोट काढल्यावर पाटी थांबली नसती. मुकादम म्हणत होता त्याप्रमाणें खालचें बटण दाबलें गेलें असेल, हें शक्य होतें. त्याचा निकाल लावण्याचा एकच मार्ग होता. खालची सारी जागा मोकळी करविली, चार बाजूंनीं दोर लावविला, दोन माणसें पहाऱ्यावर ठेवलीं. मग पेटी मीं हातांत घेतली आणि मुकादमाला जवळ उभें करून त्याच्या देखत वरचें बटण दाबलें. 'टक्' असा आवाज आला, मोटर घुमली आणि पाटी मुकाट्यानें खालीं जाऊं लागली. बोट काढलें, थांबली. पुन्हां वरचें बटण, पुन्हां खालीं. मुकादम कांहीं बोलला नाहीं. तशीच टप्प्याटप्प्यानें पाटी जमिनीवर उतरवून घेतली. रिकाम्या आंकड्यावर वरचें बटण दाबलें तेव्हां मोटर नुसती घुमत राहिली. वर नाहीं, खालीं नाहीं.

आपल्या घरांतला छताचा पंखा कधीं कधीं असेंच करतो. कंडेन्सर बिघडला कीं तो जागचा हालत नाहीं, नुसता गुणगुणतो. काठीनें एक पातें ढकललें तर फिरूं लागतो. आणि गंमत अशी कीं ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरतो. घरगुती विजेवरच्या मोटरीला कोणत्या दिशेला निघावयाचें हें कंडेन्सर सांगतो. कंडेन्सर मेला तर मोटरींत चुंबकत्व येतें पण दिशा येत नाहीं. जो पहिला धक्का देईल त्याच्या मागें ती जाते. होइस्टमध्यें पहिला धक्का देणारा ब्रेक सुटतांच तयारच असतो. तो म्हणजे ओझें, आणि त्याची दिशा एकच. चौथ्या मजल्याशीं मुलानें बोट काढलें आणि पुन्हां बटण दाबलें, त्या दोन क्षणांच्या मध्यें कोठेंतरी कंडेन्सरनें राम म्हटलें होतें. बटणानें ब्रेक सोडला, मोटरीला दिशा मिळाली नाहीं, पाटीनें ती दिली. कारखान्यांतल्या तीन तारांच्या विजेवर चालणाऱ्या होइस्टमध्येंहि तीनपैकीं एक तार तुटली तर हाच प्रकार घडतो.

मिस्त्रीनें पाना चालविला असता तर काय झालें असतें तेंहि सांगतों, कारण हा पाना अनेक ठिकाणीं चालतो. स्प्रिंगा अधिक कसल्या तर चुंबकाला त्या ओढवेनाशा होतात. मोटर लागलेल्या ब्रेकविरुद्ध फिरूं पाहते आणि जळते. हें नुकसान पैशाचें. याच्या उलट चूक अधिक वाईट. अस्तर झिजलें कीं चकती आणि चुंबक यांच्यामधली फट वाढते. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्यानें कमी होते. फट दुप्पट झाली तर ओढ जवळजवळ चौथाईवर येते. अशा वेळीं ब्रेक सुटत नाहीं, होइस्ट अडखळतें, जळका वास येतो. वस्तुतः यंत्र आपल्याला सांगत असतें कीं माझें अस्तर संपलें. फट नियमाप्रमाणें पुन्हां बारीक करावी किंवा अस्तर बदलावें, हा त्यावर उपाय. परंतु कामाची घाई असलेला मिस्त्री स्प्रिंगांच्या चाक्या दोन फेरे सैल करतो. ब्रेक लगेच सुटूं लागतो, होइस्ट फुलासारखें चालतें, मिस्त्रीची वाहवा होते. पकड किती उरली हें मात्र जड पाटी येईपर्यंत कोणाला कळत नाहीं. याला आमच्या मुंबईच्या हवेची जोड मिळते. पावसाळ्यांत दोन महिने गच्चीवर पडून राहिलेल्या होइस्टच्या तबकडीवर गंज चढतो, अस्तर ओल धरतें. शेजारच्या चाकांच्या पेटींतून पाझरलेलें तेल अस्तरावर आलें तर तें पुसून जात नाहीं, अस्तर बदलावेंच लागतें.

जुन्या जाणत्यांपैकीं कोणी म्हणेल कीं वर्म गिअरचें होइस्ट घ्यावें, तें उलट फिरतच नाहीं. मळसूत्राच्या आट्यांनीं फिरणारें हें चाक बेतानें बांधलें तर ओझ्याला खरोखर मागें फिरूं देत नाहीं. पण तें घर्षणाच्या कृपेनें. चांगलें तेल आणि थोडी थरथर एवढ्यानें ती कृपा आटते. त्यावर एकट्यावर माणसाचा जीव टांगूं नये.

खरा सोबती ब्रेक निराळा आहे आणि तो हातानें ओढण्याच्या चेनपुलींत आपण नकळत पाहिलेला असतो. मोटारीचें इंजिन उचलतांना गॅरेजमध्यें सांखळी ओढली जाते आणि 'टक-टक-टक' असा आवाज येत राहतो. उतरवितांना तो आवाज नसतो. त्या पुलींतील हातचाक मळसूत्रावर बसविलेलें असतें. वर ओढूं लागलें कीं तें मळसूत्रावर आवळत जाऊन एका दांतेरी चाकाला घर्षणाच्या चकत्यांमध्यें दाबतें. त्या दांतेरी चाकावर एक खटका असतो. तो त्याला वरच्या दिशेला फिरूं देतो, खालच्या दिशेला नाहीं. तो आवाज त्या खटक्याचा. हात सोडला कीं ओझें उलट फिरूं पाहतें, पण त्याच्या त्या ओढीनेंच मळसूत्र अधिक आवळतें. ओझें जितकें जड तितकी पकड घट्ट! खालीं आणण्यासाठीं सांखळी उलट ओढून मळसूत्र सैल करावें लागतें. तें थोडें सैल होतें, ओझें थोडें उतरतें आणि उतरतां उतरतां पुन्हां आवळतें. याला इंग्रज यंत्रज्ञ वेस्टन याच्या नांवानें ओळखतात. विजेच्या कांहीं होइस्टांतहि हा ब्रेक चाकांच्या पेटींत, विजेच्या ब्रेकशिवाय दुसरा म्हणून बसवितात. उतरतांना तो सतत घासतो आणि तापतो, हा त्याचा दोष. परंतु आमच्या गच्चीवरच्या होइस्टमध्यें तो असता तर कंडेन्सर मेल्यावर ओझ्याला मोटर मागें फिरवितांच आली नसती. मोटर नुसती घुमली असती आणि पाटी चौथ्या मजल्याशीं जागच्या जागीं लोंबत राहिली असती.

हें सर्व मीं गच्चीवर एवढें सविस्तर सांगितलें नाहीं. ऊन फार होतें. पंख्याचें उदाहरण मात्र सांगितलें आणि तें मुकादमाला लगेच पटलें, कारण त्याच्या घरचा पंखा गेल्याच महिन्यांत तसा वागला होता. तासाभरांत वायरमन आला. त्यानें लहान डब्याएवढा कंडेन्सर काढून नवा बसविला. झांकण उघडें होतें तेवढ्यांत फट मोजून घेतली. ती ठीक होती, स्प्रिंगांना कोणीं हात लावलेला नव्हता. मग नेमलेल्या भाराच्या सव्वापट वाळूचीं पोतीं आंकड्याला लावलीं, जमिनीपासून वीतभर उचललीं आणि सगळे पांच मिनिटें त्या पोत्यांकडे पाहत बसलों. पोतीं हाललीं नाहींत. पुढें चार वेळां वीतभर खालींवर करून प्रत्येक वेळीं किती सरकतात तें भिंतीवर खडूनें खुणा करून पाहिलें.

दोर लावलेली जागा मात्र तशीच ठेवावयास सांगितली. खालच्या बायांनीं पाटी भरून आंकड्याला लावावी आणि दोराबाहेर येऊन मग खूण करावी, असें ठरलें. मुकादम पहिल्यांदा कुरकुरला कीं यानें प्रत्येक खेपेला अर्धा मिनिट जातो. एका खेपेला वर जावयास अडीच मिनिटें लागतात, त्यांत अर्ध्याची भर, एवढाच तो हिशेब होता.

मुलाचा रोज राहिला. संध्याकाळीं साडेपांचला शेवटची पाटी कठड्यापाशीं आली तेव्हां त्यानें बोट काढलें, पाटी थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग तिला आंत ओढून घेतलें.